पाखराचा रियाज आणि जोडीचं गाणं: कसं ऐकायचं, कसं रेकॉर्ड करायचं

पावशा सातभाईंच्या घरट्यात वाढतो हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. अंड्यातून बाहेर आल्यापासून उडायला लागेपर्यंत त्याच्या कानावर सातभाईंचाच कलकलाट, तेच भरवणार, तेच त्याच्या मागे मागे फिरणार, आणि तरी मोठा झाल्यावर मे महिन्यात हा आंब्याच्या शेंड्यावर बसून "पेरते व्हा, पेरते व्हा" च म्हणतो, सातभाईंचा एक शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. कोकीळही तसाच. कावळ्याच्या घरात वाढून कुहूच करतो. कारण या दोघांची हाक जन्मापासूनच आत भरलेली असते, ती कुणाकडून शिकावी लागत नाही.

दयाळाचं, बुलबुलाचं, मुनियाचं तसं नाही. त्यांना ऐकून शिकावं लागतं, चुकावं लागतं, परत परत म्हणून बघावं लागतं. शास्त्रात ज्यांना गाणारे पक्षी म्हणतात ते हे, आणि गंमत बघा, त्या यादीत कावळा येतो, कोकीळ येत नाही! आवाज असा शिकणारे पक्ष्यांमधले गट म्हणजे हे गाणारे पक्षी, पोपट आणि अमेरिकेतले हमिंगबर्ड. माकडं आपल्या इतकी जवळची, पण ऐकून नवीन आवाज शिकण्यात हे मुठीएवढं पाखरू त्यांच्या पुष्कळ पुढे आहे.

हे शिकणं आपल्याला आपल्याच परिसरात, आपल्याच कानाने ऐकता येतं, त्याला महाग कॅमेरा लागत नाही की जंगल सफारी लागत नाही. फक्त एक पथ्य पाळायचं, एक पक्षी, एक जागा आणि निदान एक अख्खा हंगाम. दर रविवारी नवीन ठिकाणी जाऊन यादी वाढवणाऱ्यांना हे कधीच ऐकू येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण शिकणं ही हळूहळू होणारी गोष्ट आहे आणि ती बघायला तिथेच परत परत जावं लागतं.

सुरुवात दयाळापासून करा

शहरात राहत असाल तर दयाळाइतका चांगला पक्षी नाही. काळा-पांढरा, शेपटी वर करून बसणारा, सोसायटीच्या बागेत, जुन्या वाड्यांच्या मागे, कुठेही असतो. मार्चपासून जून-जुलैपर्यंत नर पहाटे उजाडायच्या आधी उंच जागा धरून गातो, आमच्याकडे त्याची जागा म्हणजे पाण्याच्या टाकीवरचा पाइप. रोज तीच जागा, म्हणून रेकॉर्डिंगला सोपा.

पहिले पंधरा दिवस नुसतं ऐका, काही रेकॉर्ड करू नका. एका वहीत त्याच्या गाण्याचे तुकडे आपल्याच भाषेत लिहून ठेवा, "टीऽ-टुटु-टी", "चुर्र-वीऽ", जसं ऐकू येईल तसं, कुणाला दाखवायचं नाहीये. चार-पाच दिवसात कळायला लागतं की हा तेच तुकडे वेगवेगळ्या क्रमाने लावतोय आणि मधेच दुसऱ्याच कुठल्या तरी पक्ष्याची नक्कल घुसवतोय. हे तुकडे तुमच्या कानात बसले पाहिजेत, नाहीतर पुढे पिल्लाचं गाणं ऐकू येऊनही ओळखता येणार नाही.

मग खरी मजा पावसाळा सरता सरता. तेव्हा मोठा नर जवळजवळ गप्प झालेला असतो, लोक म्हणतात आता दयाळ गात नाही, आणि नेमकं तेव्हाच झुडपाच्या आत, खाली, सावलीत बसून एखादं यंदाचं पिल्लू पुटपुटत असतं. छातीवर तपकिरी खवल्यांसारखी नक्षी असते त्यावरून पिल्लू ओळखायचं. गेल्या वर्षी मी आमच्या मागच्या कढीपत्त्याजवळ उभी होते, हात लांबवला असता तर फांदी हातात आली असती इतक्या अंतरावर ते बसलेलं, चोच जवळपास मिटलेली, फक्त गळ्याची पिसं थरथरत होती. आवाज इतका बारीक की वरच्या मजल्यावर मिक्सर सुरू झाला आणि सगळं बुडालं. मिक्सर थांबल्यावर परत ऐकू आलं, कसलाही क्रम नाही, सूर वर जातोय, मधेच तुटतोय, परत तेच, आणि त्या सगळ्या बडबडीत एकदाच, अगदी एकदाच, तो टाकीवरच्या नराचा "चुर्र-वीऽ" आला, अर्धाच. माझ्या अंगावर काटा आला होता.

हे पुटपुटणं म्हणजे पहिली पायरी, तान्ह्या बाळाच्या बा-बा-बा सारखी. पुढची पायरी म्हणजे वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटतो तशी, तुकडे ओळखू येतात पण रोज थोडे वेगळे येतात, लांबी बदलते, सूर घसरतो. आणि शेवटी गाणं घट्ट बसतं. तुमच्या रेकॉर्डिंगमधे या तिन्ही अवस्था आल्या तर समजा वर्ष सार्थकी लागलं.

आत काय चाललेलं असतं

हे थोडं समजून घेतलं की ऐकायला जास्त मजा येते म्हणून सांगते. शिकण्याचे दोन भाग असतात, आधी ऐकून साठवणं आणि नंतर स्वतः म्हणून त्या साठवलेल्याशी ताडून बघणं. इंग्लंडमधे केंब्रिजला विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच नावाच्या पक्ष्याची पिल्लं मोठ्या नरांपासून लांब वाढवली, त्यांचं गाणं झालं पण मोडकंतोडकं. पुढे पीटर मार्लर यांनी कॅलिफोर्नियात व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोवर काम केलं, तिथे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास थोड्या थोड्या अंतरावर या पक्ष्यांची बोली बदलते, आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात तसंच, आणि पिल्लू वयाच्या साधारण १० ते ५० दिवसांत जी बोली ऐकतं तीच त्याची होते. त्यानंतर ऐकवलं तर फारसं चिकटत नाही. मासाकाझू कोनिशी यांनी १९६५ मधे दाखवलं की गुरूचं गाणं नीट ऐकलेलं असूनही, स्वतः म्हणायला लागायच्या आधी पिल्लाला ऐकू येणं बंद झालं तर गाणं जुळून येत नाही. म्हणजे नुसतं पाठ असून भागत नाही, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा लागतो. गाणं शिकलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियातला छोटा पक्षी, आपल्याकडेही बऱ्याच घरात पिंजऱ्यात असतो, त्याच्यावर सगळ्यात जास्त अभ्यास झालाय. त्यात फक्त नर गातो, बहुतेक वेळा बापाकडून शिकतो, आणि ९० दिवसांच्या आसपास गाणं पक्कं होतं. याच्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट २००५ मधे कळली. शिकणाऱ्या पिल्लाचं गाणं रात्रीच्या झोपेनंतर सकाळी आदल्या दिवसापेक्षा बिघडलेलं असतं, मग दिवसभराच्या सरावाने परत सुधारतं, आणि ज्यांचं सकाळी जास्त बिघडतं त्यांचंच शेवटी गुरूशी जास्त जुळतं! म्हणून सांगते, पिल्लू सापडलं तर सकाळी लवकर आणि संध्याकाळी असं दोन्ही वेळा रेकॉर्ड करा, फक्त सकाळचं ऐकून "याला जमत नाहीये" असं ठरवू नका.

दुसरी गोष्ट २००९ मधली. गुरूशिवाय वाढलेल्या झेब्रा फिंचचं बेसूर गाणं पुढच्या पिढीला ऐकवलं, त्या पिढीचं तिच्या पुढच्या पिढीला, असं करत गेले तर तीन-चार पिढ्यांत गाणं आपोआप जंगलातल्या गाण्याच्या जवळ आलं. म्हणजे शिकणं तर आहेच, पण काय शिकावं याचा कल रक्तात असतो. आणि घरात बेंगाली फिंच असेल तर हेही ऐका, तो आपल्याच पांढऱ्या पाठीच्या मुनियाचा पाळीव वंशज आहे, जपानमधे पिढ्यानपिढ्या पाळला गेला आणि त्याचं गाणं रानातल्या मुनियापेक्षा बरंच गुंतागुंतीचं झालं. (आपल्या रानातल्या मुनिया पकडणं, विकणं, पाळणं कायद्याने बंद आहे, कुणी विकत असेल तर घेऊ नका.)

फोनवर रेकॉर्ड करताना

फोन पुरतो, खरंच पुरतो. रेकॉर्डर अ‍ॅपच्या सेटिंगमधे जाऊन सगळ्यात वरची क्वालिटी निवडा, वेव्ह फॉरमॅट मिळत असेल तर तोच, आणि आवाज आपोआप स्वच्छ करणारा ऑप्शन असेल तर बंद करा, कारण तो पक्ष्याचा बारीक आवाज गोंगाट समजून खाऊन टाकतो. फोन एअरप्लेन मोडवर. हातात धरू नका, बोटांची खरखर येते, कठड्यावर रुमाल ठेवून त्यावर ठेवा. सुरुवातीला किंवा शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा, पक्षी कुठे बसलाय हे बोलून ठेवा, सहा महिन्यांनी फाईलच्या नावावरून काही आठवत नाही हा माझा अनुभव आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसतं ऑडिओ म्हणून पाठवलं तर दाबून बारीक होऊन जातं.

पक्षी ओळखायला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन अ‍ॅप आहे, फुकट आहे, आपल्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक एकदा डाऊनलोड केला की नेटशिवाय चालतं. पण पिल्लाच्या पुटपुटण्यावर त्याचा भरवसा धरू नका, तिथे डोळ्याने बघितलेलंच खरं.

मग कॉम्प्युटरवर ऑडेसिटी नावाचं आवाजाचं सॉफ्टवेअर टाका, तेही फुकट. फाईल उघडून ट्रॅकच्या नावाच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम निवडायचं, वरची मर्यादा ८-१० किलोहर्ट्झ ठेवायची. आता गाणं डोळ्यांना दिसतं, डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर सुराची उंची. मोठ्या नराचा एकच तुकडा दहा वेळा बघितला तर दहाही वेळा जवळजवळ एकसारखी नक्षी, रांगोळीच्या छापासारखी, आणि पिल्लाची बघितली तर प्रत्येक वेळी वेगळी वळवळ. शिकलेला आणि शिकणारा यातला फरक इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता जोडीचं गाणं

हे ऐकायला सह्याद्रीत जावं लागेल. आंबोली, महाबळेश्वर, भीमाशंकर, जिथे दाट झाडी आणि कारवी-बांबूची गचपण आहे तिथे सिमिटर बॅबलर असतो, सातभाईंचाच दूरचा नातेवाईक, पिवळी वाकडी कोयतीसारखी चोच आणि डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई. दिसतो कमी, ऐकू जास्त येतो. नर म्हणतो "ऊप-पु-पु-पु" असं घुमणारं, बासरीच्या खालच्या सुरासारखं, आणि लगेच, श्वास घ्यायलाही जागा न ठेवता, मादी "क्रू-क्रू" करते. पहिल्यांदा ऐकणारा शपथेवर सांगेल की एकच पक्षी आहे. मीही दोन वर्षं तसंच समजत होते, मग एकदा आंबोलीला पायवाटेवर नेमकी दोघांच्या मधे आले आणि "ऊप-पु-पु-पु" डाव्या कानात, "क्रू-क्रू" उजव्या कानात आलं.

हीच युक्ती तुम्ही करा, पण स्वतः मधे घुसायला नको, दोन फोन वापरा. जोडी रोज जिथे बोलते त्या झुडपाच्या दोन बाजूंना, साधारण १० मीटर अंतरावर फोन ठेवा, दोन्हीवर रेकॉर्डिंग सुरू करा, दोघांच्या बरोबर मधे उभं राहून एक जोरात टाळी वाजवा आणि लांब जाऊन बसा. टाळी अशी वाजवायची तर पक्षी यायच्या आधी, अंधारातच सगळं लावून ठेवायचं. घरी आल्यावर ऑडेसिटीत दोन्ही ट्रॅक एकाखाली एक घेऊन टाळीचा टोकदार खांब एका रेषेत आणायचा. आता कुठला आवाज कुठल्या फोनमधे आधी आणि मोठा येतोय ते बघितलं की दोन पक्षी वेगळे होतात.

इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. आवाजाला १० मीटर जायला साधारण २९ मिलिसेकंद लागतात. म्हणजे नर तुमच्या जवळ आणि मादी २० मीटर लांब असेल तर तिचं उत्तर तुम्हाला आहे त्यापेक्षा उशिरा आलेलं वाटेल, आणि उलट बाजूला उभ्या माणसाला तेच उत्तर लवकर, कदाचित नराच्या शेवटच्या सुरावर चढलेलं वाटेल. म्हणून एका फोनवरच्या मापावरून "यांच्यात इतक्या मिलिसेकंदाचं अंतर असतं" असं ठामपणे कुणाला सांगू नका. तीच जोडी तोच ठेका किती नेमाने पाळते हे मात्र एका फोनवरूनही कळतं, वीस वेळा मोजा, वीस आकडे वहीत लिहा आणि बघा किती जवळ जवळ येतात.

एक सावधगिरी. दोन पक्षी एकत्र आवाज करतात म्हणजे दोघं शिकूनच करतात असं नाही. भारद्वाजाची जोडी "हूप-हूप" करताना एकमेकांत मिसळते, मादीचा आवाज जास्त खर्जात असतो. गोंदिया-भंडाऱ्याच्या भातशेतात सारसाची जोडी माना वर करून बोलते तेव्हा नराच्या एका हाकेला मादीच्या दोन येतात. दोन्ही ऐकण्यासारखे आहेत, आवर्जून ऐका, पण हे गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटातले नाहीत.

मग गाणाऱ्यांच्या जोडीत ते कसं जमतं? इक्वेडोरमधे अँटिसाना ज्वालामुखीच्या उतारावर बांबूच्या बेटात प्लेन-टेल्ड रेन नावाची पाखरं राहतात, त्यांचं गाणं म्हणजे आपल्या सवाल-जवाबाची दुप्पट गती, एक सूर तिचा, एक त्याचा, मधे फट नाही. एकटा पक्षी असला तर आपल्याच वाट्याचे सूर मधे मधे जागा सोडत म्हणतो. एरिक फॉर्च्यून, मेलिसा कोलमन आणि सहकाऱ्यांनी २०११ मधे दाखवलं की गाण्याचं काम बघणाऱ्या मेंदूच्या भागातल्या पेशी पक्ष्याला त्याचा एकट्याचा भाग ऐकवला त्यापेक्षा दोघांचं पूर्ण गाणं ऐकवलं तेव्हा जास्त चेततात. म्हणजे डोक्यात अर्धं नाही, अख्खं गाणं असतं. आणि २०२१ मधे कळलं की जोडीदाराचा आवाज ऐकू येत असताना या पक्ष्याच्या गाणाऱ्या पेशी दबून राहतात, म्हणून दोघं एकमेकांवर चढत नाहीत. भजनात बुवांची ओळ संपेपर्यंत टाळकरी जसा ओठावर आलेलं धरून ठेवतो तसं मला हे वाटतं.

कोस्टा रिकामधल्या केनब्रेक रेनचं तर आणखी पुढचं. त्यांच्यात ठरलेलं असतं, त्याच्या या तुकड्याला तिचा हाच तुकडा. पिल्लांचं हे आधी चुकतं, मोठ्यांबरोबर गाता गाता सुधारतं. आणि मोठेपणी जोडीदार बदलला तर नवे नियम परत शिकावे लागतात, हे २०१६ मधे सिद्ध झालं. इतकी वर्षं गात आलेला पक्षी नव्या घरात परत नवखा होतो!

दोघं कशासाठी गातात

एकच कारण नाही. उष्ण प्रदेशात बरेच पक्षी स्थलांतर करत नाहीत, बारा महिने तोच इलाखा सांभाळतात, आणि तो दोघं मिळून सांभाळतात. गचपणात दिसत नाही तेव्हा "तू कुठे आहेस" हेही त्यातच कळतं, आणि शेजारच्या एकट्या पक्ष्याला "इथे जागा नाही" हेही. ऑस्ट्रेलियातल्या मॅगपाय-लार्क पक्ष्यांवर २००७ मधे प्रयोग झाला, नीट जुळलेलं दोघांचं गाणं ऐकवलं की तिथला नर जास्त चवताळून येतो, आणि जास्त काळ एकत्र असलेल्या जोड्यांचं गाणं जास्त जुळतं. शेजाऱ्याला गाण्यावरूनच कळतं की ही जोडी मुरलेली आहे, इथे घुसणं सोपं नाही.

मादी गात नाही हा समज युरोप-अमेरिकेतल्या थंड प्रदेशातून आला आणि पुस्तकांत बसला. २०१४ मधे जगभरातल्या गाणाऱ्या पक्ष्यांची माहिती तपासली तेव्हा बघितलेल्या जातींपैकी ७१ टक्क्यांत मादी गाते असं निघालं, आणि या पक्ष्यांच्या पूर्वजांत दोघंही गात असावेत असं दिसलं. म्हणून कळकळीने सांगते, वहीत "गातोय, म्हणजे नर" असं न बघता लिहू नका. दयाळाची मादीही कधी कधी गाते. ती करडी असते, ओळखायला सोपी आहे, फक्त बघायला हवं.

काय करायचं नाही

रेकॉर्ड केलेलं गाणं त्याच पक्ष्याला वाजवून दाखवायचं नाही. त्याला वाटतं इलाख्यात कुणी घुसलं, तो खाणंपिणं सोडून शोधत बसतो, विणीच्या काळात तर अजिबातच नको. फोटोसाठी हे सर्रास चालतं, मी त्यावरून ग्रुप सोडलेत. घरट्याजवळ थांबायचं नाही. आणि पिल्लू पुटपुटत असेल तर हलायचं नाही, ते घाबरून गप्प झालं तर त्या दिवशीचा त्याचा रियाज तुम्ही मोडलात.

रियाज मोडला की काय होतं ते ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर नावाच्या पक्ष्याच्या बाबतीत दिसलं. संख्या इतकी घटली की पिल्लांना शिकवायला जवळपास मोठे नर उरले नाहीत, २०२१ च्या अभ्यासात सुमारे १२ टक्के नर आपलं गाणं सोडून दुसऱ्याच जातींचं गाणं गाताना सापडले, आणि तसल्या नरांना मादी मिळणं अवघड जातं. आता पाळून वाढवलेल्या पिल्लांना जातीचं मूळ गाणं ऐकवून शिकवतायत.

शेवटचं, रेकॉर्डिंगबद्दलच. जोडीची फाईल ऐकताना ज्या हाकेला उत्तर आलं नाही ती कापून टाकू नका. आंबोलीच्या माझ्या एका फाईलमधे "ऊप-पु-पु-पु" सात वेळा येतं आणि पुढे नुसता पानांचा आवाज. आठव्यांदा खूप लांबून, जवळजवळ ऐकूच येणार नाही असं, "क्रू-क्रू" आहे. तिथे मी वहीत वेळ लिहून ठेवली आहे, ६ वाजून ४१ मिनिटं.